दुसऱ्या रिमोटला स्टार्ट नव्हता

राखाडी प्लास्टिकचा डबा. वरती कॅसेट बसवायची खाच, पुढे नऊ पिनांची दोन सॉकेट, मागे अडॅप्टरचं भोक आणि टीव्हीला जाणारी वायर. नव्वदच्या दशकात जयसिंगपुरात याला सगळे नुसतं ‘व्हिडिओ गेम’ म्हणायचे. खोक्यावर कधी सामुराई लिहिलेलं असे, कधी लिटल मास्टर, कधी टर्मिनेटर. नावाकडं कुणी बघतच नव्हतं. एका खोक्याची कॅसेट दुसऱ्यात चालायची आणि याचा रिमोटही बहुतेक वेळा त्याला चालायचा. मुलांना तेवढं पुरेसं होतं.

शाहू महाराजांनी १९१७ साली आपल्या वडिलांच्या, जयसिंगराव घाटग्यांच्या नावानं हे गाव वसवलं. काटकोनात आखलेले रस्ते आणि नंबर दिलेल्या गल्ल्या. त्यामुळं कुणाकडं गेम आलाय हे सांगायला गल्लीचा नंबर पुरायचा. खरेदी सांगली-मिरजेच्या किंवा कोल्हापूरच्या दुकानातून होई, नाहीतर मुंबईला नोकरीला असलेला मामा दिवाळीला येताना घेऊन येई. ज्यांना विकत घेणं परवडत नव्हतं, ती पोरं तासावर पैसे देऊन खेळत. दिवाळीच्या सुट्टीत सकाळी किल्ल्याला चिखल लावायचा आणि दुपारी टीव्हीसमोर बसायचं. ज्याच्या घरी गेम, त्याची आई त्या पंधरवड्यात गल्लीतल्या सगळ्या पोरांना चिवडा-लाडू पुरवायची.

या यंत्राची आठवण अनेकांना येते. मान मात्र त्याला कुणी देत नाही. जुन्या गेम यंत्रांवर लिहिणारे अटारी, सेगा, प्लेस्टेशनबद्दल भरभरून लिहितात आणि आपल्या डब्याला ‘नक्कल’ म्हणून एका ओळीत मोकळे होतात. नक्कल तर ती होतीच. पण कशाची, कुणी केलेली आणि किती हुशारीनं, हे नीट बघितलं तर हा डबा माळ्यावरून खाली काढावासा वाटेल.

मूळ यंत्र जपानचं. निन्टेन्डो कंपनीनं १५ जुलै १९८३ रोजी ‘फॅमिली कॉम्प्युटर’, म्हणजे फॅमिकॉम, बाजारात आणला. किंमत १४,८०० येन. मासायुकी उएमुरा या अभियंत्याच्या हाताखाली तो तयार झाला. आतला मुख्य प्रोसेसर रिको कंपनीचा, ६५०२ या त्या काळच्या स्वस्त आणि गाजलेल्या चिपच्या घराण्यातला, सेकंदाला सुमारे १७ लाख ९० हजार ठोके देणारा. कामाची मेमरी फक्त दोन किलोबाइट. मोबाइलवर काढलेला एक साधा फोटो याच्या हजारपट जागा सहज खातो. एवढ्याशा जागेत मारिओ कुठं आहे, कासव कुठं आहे, किती नाणी झाली आणि वेळ किती उरला, हे सगळं बसवायचं होतं.

चित्राचं काम दुसरी चिप करायची. हलणाऱ्या आकृत्यांचे ६४ तुकडे ती एका वेळी दाखवू शकत असे, पण एका आडव्या ओळीत फक्त आठ. कॉन्ट्रा या गेममध्ये गोळ्या आणि सैनिक एकाच ओळीत जमले की चित्र लुकलुकायला लागायचं ते यामुळं. टीव्ही खराब झाला असं समजून कितीतरी टीव्हींच्या डोक्यावर थापा पडल्या. टीव्ही बिचारा धड होता. गेम लिहिणारेच नवव्या तुकड्याची सोय म्हणून सगळ्यांना आळीपाळीनं दाखवत होते.

अमेरिकेत १९८५ साली हेच यंत्र दुसऱ्या रूपात आलं. त्यात कुलूप म्हणून एक वेगळी चिप होती. कंपनीच्या परवानगीशिवाय बनवलेली कॅसेट तिच्यामुळं चालत नसे. जपानी फॅमिकॉममध्ये असं कुलूप नव्हतं. म्हणून नक्कल झाली ती साठ पिनांच्या जपानी यंत्राची, आणि आपल्या कॅसेटलाही साठच पिना होत्या. तैवानच्या यूएमसी कंपनीनं प्रोसेसर आणि चित्र या दोन्ही चिपांच्या स्वतःच्या आवृत्त्या काढल्या आणि तिथून हे यंत्र जगभर पसरलं. तैवानमध्ये ते ‘मायक्रो जीनियस’ झालं, रशियात १९९२ पासून ‘डेंडी’, पोलंडमध्ये ‘पेगासस’, चीनमध्ये कीबोर्ड जोडलेलं ‘सुबोर’. मॉस्कोतला एखादा मुलगा आणि जयसिंगपुरातला मुलगा एकाच सुट्टीत गेममधला तोच रणगाडा चालवत असणार, आणि दोघांनाही निन्टेन्डोचं नाव माहीत नसणार.

तैवानी अभियंत्यांचं एक काम मला फार मोलाचं वाटतं. जपानचा टीव्ही तेव्हा सेकंदाला ६० वेळा चित्र काढायचा, आपला ५० वेळा. जपानी गेम जसाच्या तसा आपल्या टीव्हीवर टाकला तर कितीतरी गेमचं गणित बिघडतं, कारण प्रत्येक चित्राच्या मधल्या क्षणात प्रोसेसरनं काय करायचं हे मोजून लिहिलेलं असतं. यूएमसीनं ५० वाल्या देशांसाठी चिप बनवताना जादा वेळ अशा ठिकाणी सारला की मूळ गणित बऱ्याच अंशी शाबूत राहिलं. अशा चिपवर सगळा खेळ मूळच्यापेक्षा सुमारे एक षष्ठांशानं हळू चालायचा, आणि संगीतही. नकलेतल्या अनेक चिपांमध्ये आवाजाच्या लहरींचे दोन आकार अदलाबदल झाले होते, त्यामुळं सुरांचा पोतही वेगळा लागायचा. आपल्या कानात बसलेला मारिओ हा असा संथ आणि थोड्या वेगळ्या गळ्याचा आहे. इंटरनेटवर मूळ धून पहिल्यांदा ऐकली की ती घाईत वाजल्यासारखी वाटते ती त्यामुळंच.

आता रिमोट. मला या यंत्रात सगळ्यात जास्त प्रेम आहे ते त्याच्यावर.

डाव्या अंगठ्याखालचं अधिक चिन्हासारखं बटण निन्टेन्डोच्या गुनपेई योकोई यांनी १९८२ साली हातात मावणाऱ्या ‘डाँकी काँग’ खेळासाठी बनवलं. त्याच्या पोटात मध्यभागी एक उंचवटा असतो. बटण त्यावर डुलतं, म्हणून डावीकडं दाबलं की उजवी बाजू वर उचलली जाते आणि दोन्ही एकदम दाबणं शक्यच होत नाही. स्वस्तातल्या काही रिमोटमध्ये हा उंचवटा नसायचा. मग घाईत डावं-उजवं दोन्ही दाबलं जायचं आणि पडद्यावरचा गडी वेडंवाकडं करायचा. रिमोट विकत घेताना जाणकार पोरं बटण अंगठ्यानं डुलवून बघत ते याच्यासाठी.

आत बघावं तर कौतुक आणखी वाढतं. आठ बटणं, पण कामाच्या वायरी फक्त पाच. एक वीज आणणारी, एक परतीची, आणि तीन संदेशांच्या. यंत्र प्रत्येक चित्रागणिक एका वायरीवरून इशारा देतं. त्या क्षणी आठही बटणांची स्थिती रिमोटमधली चिप टिपून ठेवते. मग यंत्र दुसऱ्या वायरीवरून एकेक ठोका देतं आणि तिसऱ्या वायरीवरून एकेक उत्तर येतं. आधी ए, मग बी, सिलेक्ट, स्टार्ट, वर, खाली, डावं, उजवं. क्रम कधी बदलत नाही. हे सगळं सेकंदाला पन्नास वेळा. मूळ रिमोटमध्ये यासाठी ४०२१ नावाची साधी, बाजारात कुठंही मिळणारी चिप होती. आपल्या रिमोटमध्ये तिच्या जागी काळ्या लाखेसारखा एक थेंब दिसतो, चिप त्याच्याखाली.

नकलेनं दोन गोष्टी मूळच्यापेक्षा बऱ्या केल्या. जपानी फॅमिकॉमचे रिमोट यंत्रालाच कायमचे जोडलेले होते. वायर तुटली की यंत्र उघडा. आपले रिमोट सॉकेटमधून निघायचे, त्यामुळं एक बिघडला तर फक्त तोच बदलायचा. दुसरी गोष्ट टर्बोची बटणं. ए आणि बीच्या वर आणखी दोन, नुसती दाबून धरली की आपोआप भराभर दाबल्यासारखी चालणारी. कॉन्ट्रात साध्या बंदुकीनं खेळताना ती जीव वाचवायची. मारिओत मात्र टर्बो बी घातक. तिथं बी सलग दाबून धरलं तरच मारिओ पळतो, टर्बोनं त्याचं पळणं अडखळतं. मारिओ चांगला खेळणाऱ्याचा अंगठा बघा. टोक बीवर कायम टेकलेलं आणि उडी मारायला त्याच अंगठ्याचं मधलं पेर एवर झुकवलेलं. हे कुणी शिकवलेलं नसतं, रिमोटच शिकवतो.

आणि तो दुसरा रिमोट. त्याला बऱ्याचदा स्टार्ट आणि सिलेक्ट नसायचे, मधली जागा कोरी. मूळ फॅमिकॉमच्या दुसऱ्या रिमोटवर त्या जागी बोलायचा छोटा माइक होता. नक्कल करणाऱ्यांनी माइक काढून टाकला आणि बटणंही घातली नाहीत. या कोऱ्या जागेनं गल्लीत दर्जा ठरवला. पहिला रिमोट घरच्या पोराच्या किंवा थोरल्याच्या हातात, कारण खेळ सुरू करणं आणि थांबवणं त्याच्याच अंगठ्यात. दुसऱ्या रिमोटवाल्याला तहान लागली तरी, “दादा, जरा थांबीव की!” म्हणावं लागे.

कॉन्ट्राच्या तिसऱ्या टप्प्यात, धबधब्यात, हे नातं कसाला लागायचं. पडदा वर सरकतो तो पुढच्या गड्याबरोबर. एकानं भराभर उड्या मारल्या की खाली राहिलेला पडद्याबाहेर जाऊन मरतो. “आरं थांब की लेका, मी खाली हाय!” ही आरोळी प्रत्येक घरातून ऐकू यायची. तिथं धाकट्यासाठी थांबणारा थोरला कोण आणि एकटाच वर जाणारा कोण, हे गल्लीला बरोबर ठाऊक असायचं.

आम्ही ज्याला ‘टँक’ म्हणायचो तो गेम म्हणजे नामको कंपनीचा १९८५ चा ‘बॅटल सिटी’. पस्तीस टप्पे, प्रत्येकात शत्रूचे वीस रणगाडे, आणि विटांच्या आड आपला गरुड सांभाळायचा. फॅमिकॉमवरचा हा गेम तेव्हा अमेरिकेच्या यंत्रासाठी निघालाच नाही. तो जगात पोचला तो आपल्यासारख्या नकली यंत्रांमधून. त्यात स्वतःचा नकाशा रचायची सोय होती. वीट, पोलाद, पाणी, झाडी हवी तशी मांडा आणि खेळा. दिवाळीचा किल्ला करणाऱ्या पोरांना ते कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

कॅसेटवर ‘९९९९९९ इन १’ लिहिलेलं असे, आणि आत मोजकेच गेम. बाकीच्या नोंदी त्याच गेमच्या, पण दुसऱ्या टप्प्यापासून, जास्त जीव घेऊन, वेगळी बंदूक घेऊन सुरू होणाऱ्या. यादीतला आकडा निवडला की कॅसेट मेमरीच्या दोन-चार खणांत आधीच किंमती भरून ठेवी आणि मग गेम सुरू करी. यात फसवणूक होती हे उघड आहे, आणि गेम बनवणाऱ्यांना त्यांच्या कष्टाचा पैसा मिळाला नाही हेही. कॉन्ट्रा बनवणाऱ्या कोनामीच्या, नामकोच्या कारागिरांचं ते देणं या डब्याचं कौतुक करताना विसरून चालणार नाही. पण चालत्या गेमच्या मेमरीत नेमकं कुठं बोट घालायचं हे शोधणारा अनामिक माणूसही कसबी होता.

टीव्हीवर नेम धरायच्या बंदुकीचं मात्र आता अवघड झालंय. बदकांच्या गेमची बंदूक काही सोडत नाही, ती फक्त बघते. घोडा ओढला की पडदा क्षणभर काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो. काळ्यात उजेड दिसला नाही आणि चौकोनात दिसला, तर नेम लागला. हे गणित जुन्या काचेच्या टीव्हीच्या ताबडतोब उमटणाऱ्या उजेडावर बसवलेलं आहे. सपाट टीव्ही चित्र उशिरा दाखवतो आणि बदक हसत निघून जातं. म्हणून ज्याच्या घरी चालू जुना टीव्ही आहे, त्यानं तो भंगारात घालू नये अशी माझी कळकळीची विनंती आहे. काळा-पांढरा पोर्टेबल असला तरी चालेल.

हा डबा निकामी झाला असं कुणी समजू नये. २००८ साली डेरेक लोमास या अमेरिकी संशोधकाला भारतातल्या बाजारात अशीच कीबोर्डवाली स्वस्त यंत्रं दिसली. शाळेतल्या मुलांसाठी त्यांवर शिकण्याचे खेळ लिहावेत म्हणून त्यानं आणि सोबत्यांनी ‘प्लेपॉवर’ हा उपक्रम सुरू केला. तेव्हा पंचवीस वर्षं जुन्या असलेल्या रचनेवर नव्यानं काम करावंसं वाटणं, याहून मोठी पावती कुठली?

आमच्या भागात २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी कृष्णा-पंचगंगेच्या काठच्या घरांतलं पुष्कळ सामान गाळात घातलं. त्यात असा गेम सापडला तरी लगेच टाकू नका. कॅसेटमधला गेम चिपमध्ये कायमचा कोरलेला असतो, त्याला बॅटरी लागत नाही. कॅसेटच्या आतली सर्किटची पट्टी स्वच्छ पाण्यानं धुवून पूर्ण वाळवा, पिना खोडरबरानं हलक्या हातानं घासा, मग कापसानं स्पिरिट लावा. तोंडानं फुंकर मारू नका. ओलाव्यानं पिना गंजतात.

रिमोटची बटणं दबत नसतील तर मागचे स्क्रू काढा. रबराखालच्या काळ्या टिकल्या झिजलेल्या असतात. त्यांवर मऊ पेन्सिलीचं शिसं घासलं तर काही दिवस निघतात. जुने दुरुस्तीवाले सिगारेटच्या पाकिटातली चांदी कापून चिकटवत, ती वर्षानुवर्षं टिकते. वायर बहुधा रिमोटच्या मानेपाशी आतून तुटलेली असते. तेवढा तुकडा कापून पुन्हा डाग द्यायचा. डाग देण्याआधी पाचही वायरींचा क्रम कागदावर लिहून ठेवा, कारण रंगांना कसलाच नियम नाही. एका रिमोटची लाल वायर वीज आणते तर दुसऱ्याची लाल उत्तर घेऊन जाते.

अडॅप्टर नवा घ्याल तेव्हा नऊ व्होल्टचा घ्या, बारावर नेऊ नका, आतला रेग्युलेटर तापतो. पिनेच्या मध्यभागी अधिक हवं की उणे हे डब्यावर छापलेलं असतं. छाप पुसला गेला असेल तर डबा उघडून तपासल्याशिवाय बटण दाबू नका. जपानी मूळ यंत्राला मध्यभागी उणे लागे, आपल्याकडच्या डब्यांत दोन्ही प्रकार सापडतात.