मातीतील तांबडे स्फटिक

मृगाच्या पहिल्या सरी तापलेल्या जमिनीवर पडल्या, की मातीचा जो गोड वास सुटतो तो आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. हा वास निव्वळ मातीचा नव्हे. मातीत राहणाऱ्या काही अतिसूक्ष्म जीवांनी तयार केलेल्या एका द्रव्याचा त्यात मोठा वाटा असतो. या जीवांना ॲक्टिनोमायसीट असे म्हणतात. जातीने ते जीवाणू. परंतु बुरशीसारखे बारीक तंतू पसरून वाढतात, त्यामुळे त्यांना कोणत्या कुळात बसवावे याविषयी शास्त्रज्ञांत पुष्कळ दिवस वाद होता. वास निर्माण करणे हा त्यांचा अगदी निरुपद्रवी उद्योग होय. ते विषेही तयार करतात. आणि त्यांतील एका विषाने आजवर हजारो लहान मुलांचे प्राण वाचविले आहेत. ते कसे, हे आपल्याला पाहावयाचे आहे.

या जीवांच्या अभ्यासात ज्यांनी आयुष्य वेचले, त्या सेल्मन वॅक्समन यांचा जन्म १८८८ साली युक्रेनमधील एका खेड्यात झाला. तो प्रदेश तेव्हा रशियन साम्राज्यात मोडत असे, आणि ज्यू मुलांना उच्च शिक्षणाची वाट तेथे फार अरुंद होती. १९१० साली वॅक्समन अमेरिकेस गेले, न्यू जर्सी राज्यात एका नातेवाइकाच्या शेतावर राहिले आणि जवळच्या रटगर्स महाविद्यालयात शेतकीचे शिक्षण घेऊ लागले. विद्यार्थिदशेतच ते महाविद्यालयाच्या शेतात चर खणून निरनिराळ्या खोलीवरची माती काढीत व तिच्यात कोणते जीव किती आहेत हे मोजीत. पुढे १९१८ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाची जीवरसायनशास्त्रातील डॉक्टरेट मिळवून ते परत रटगर्सलाच आले. पाने व शेण कुजून त्यांचे खत कसे होते, जमिनीचा कस कशाने वाढतो, असल्या प्रश्नांत त्यांची पुढील वीस वर्षे गेली. औषधाचा विचार त्यात फारसा नव्हता.

१९३९ साली त्यांचेच एक जुने विद्यार्थी रने द्युबो यांनी मातीतील एका जीवाणूपासून दुसऱ्या जंतूंना मारणारे द्रव्य मिळविले. ते पाहून वॅक्समन यांनी आपल्या प्रयोगशाळेची दिशाच बदलली. त्यांची पद्धत ऐकावयास अगदी साधी वाटेल. काचेच्या उथळ बशीत पोषक द्रव्य घातलेला आगरचा थर थिजवावयाचा, त्यावर जंतू वाढवावयाचे आणि पाण्यात कालवलेली माती थोडीशी पसरावयाची. काही दिवसांनी बशी जंतूंच्या वाढीने गढूळ दिसू लागते. पण मातीतून आलेल्या एखाद्या जीवाभोवती स्वच्छ वर्तुळ आढळते. ते दिसले की समजावे, या जीवाने आपल्या शेजाऱ्यांना मारणारे काहीतरी बाहेर सोडले आहे. मग तो जीव वेगळा काढावयाचा, वाढवावयाचा आणि ते द्रव्य शुद्ध करावयाचे. काम साधे खरे, पण हजारो वेळा करावे लागे, आणि बहुतेक वेळा हाती काहीच लागत नसे.

१९४० साली बॉइड वुड्रफ या तरुण विद्यार्थ्याच्या साहाय्याने वॅक्समन यांना अशा एका ॲक्टिनोमायसीटापासून नारिंगी-तांबड्या रंगाचे सुंदर स्फटिक मिळाले. त्यांचे नाव ॲक्टिनोमायसीन. अनेक जंतू त्याच्या लेशमात्राने नाहीसे होत. परंतु प्रयोगशाळेतील प्राण्यांना ते टोचताच तेही मरू लागले. जंतूंबरोबर रोग्यालाही मारणारे औषध काय कामाचे? ते बाजूला ठेवणे भाग पडले.

त्यानंतरचा इतिहास सर्वश्रुत आहे. १९४३ साली त्याच प्रयोगशाळेत ॲल्बर्ट शॅट्झ या विद्यार्थ्याला स्ट्रेप्टोमायसीन सापडले आणि क्षयरोगावर पहिले प्रभावी प्रतिजैविक मिळाले. पुण्याजवळ पिंपरी येथील हिंदुस्तान अँटिबायोटिक्सच्या कारखान्यातही पुढे ते तयार होऊ लागले. १९५२ साली वॅक्समन यांना नोबेल पारितोषिक लाभले. ते एकट्यांनाच मिळाले, हे मात्र मनाला रुचत नाही. कारण शॅट्झ यांना आपला सहशोधकाचा हक्क न्यायालयात जाऊन १९५० साली मान्य करून घ्यावा लागला होता. असो.

ज्या वर्षी हे पारितोषिक मिळाले, त्याच सुमारास जर्मनीत ॲक्टिनोमायसिनाच्या एका प्रकाराने प्राण्यांतील कर्करोगाच्या गाठी आटतात असे दिसून आले होते. वॅक्समन यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ साली या कुळातील एक अधिक शुद्ध द्रव्य वेगळे केले. त्याला ॲक्टिनोमायसीन-डी असे नाव मिळाले. चौदा वर्षांपूर्वी जे विष म्हणून दूर सारले होते, त्याच्या विषारीपणाकडेच आता शास्त्रज्ञ नव्या दृष्टीने पाहू लागले.

याचे कारण समजण्यासाठी पेशीच्या आत डोकावले पाहिजे. प्रत्येक पेशीत डीएनए नावाचा, पीळ घातलेल्या शिडीसारखा एक लांब रेणू असतो. तलाठ्याच्या दप्तरात जमिनीची मूळ नोंद असते आणि कामासाठी तिची नक्कल काढून नेतात, तसेच येथे चालते. मूळ लेख डीएनएमध्ये. त्याची नक्कल म्हणजे आरएनए. आणि त्या नकलेबरहुकूम पेशी आपली प्रथिने बनविते. ॲक्टिनोमायसिनाच्या रेणूचा एक भाग चपटा असतो. तो शिडीच्या दोन पायऱ्यांमध्ये पाचरीसारखा घुसतो, आणि त्याला जोडलेली दोन कडी शिडीच्या खाचेत घट्ट बसतात. नक्कल काढणारे यंत्र तेथवर येते व अडकते. दप्तर शाबूत, पण नक्कल मिळत नाही! अशा पेशीचा कारभार थांबतो आणि ती मरते.

कर्करोगाच्या पेशी शरीराचा हुकूम न मानता भराभर विभागत असतात. त्यामुळे हा आघात त्यांना अधिक जाणवतो. परंतु केसांची मुळे, तोंडातील अस्तर आणि हाडांतील मगज येथील निरोगी पेशीही वेगाने विभागतात. म्हणून औषध घेणाऱ्याचे केस गळतात, तोंड येते, वांत्या होतात, रक्त कमी होते. विषाने आपला स्वभाव सोडलेला नसतो. सारे कौशल्य मात्रेत आहे.

ते कौशल्य बॉस्टन येथील मुलांच्या रुग्णालयातील डॉक्टर सिडनी फार्बर यांच्याजवळ होते. (भारतीय शास्त्रज्ञ यल्लाप्रगडा सुब्बराव यांच्या प्रयोगशाळेने तयार केलेले औषध वापरून, रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेल्या मुलांना काही काळ तरी आराम देता येतो, हे त्यांनी १९४८ साली दाखविले होते.) लहान मुलांच्या मूत्रपिंडात विल्म्सचे अर्बुद नावाची एक गाठ होते. ती बहुधा पाच वर्षांच्या आतल्या मुलांत आढळते. मूल खेळतेबागडते असते, आणि आंघोळ घालताना आईच्या हाताला पोटात काही टणक लागते. शस्त्रक्रियेने मूत्रपिंड काढून टाकले तरी रोग पुष्कळदा आधीच फुफ्फुसांत पोचलेला असे. मग वैद्यांचे हात टेकत. फार्बर यांनी शस्त्रक्रिया व क्ष-किरण यांच्या जोडीला ॲक्टिनोमायसीन-डी दिले, तेव्हा फुफ्फुसांतील गाठीही विरू लागल्या. शरीरभर पसरू पाहणारा रोग हटू शकतो, ही त्या काळी नवीच गोष्ट होती. १९६४ साली अमेरिकेत या औषधाला रीतसर मान्यता मिळाली. जेथे पूर्ण उपचार वेळेवर मिळतात, तेथे आज या रोगाची दहांपैकी सुमारे नऊ मुले बरी होतात.

त्या काळी ठरलेली मात्रा ऐकली तर आश्चर्य वाटेल. वजनाच्या दर किलोग्रॅममागे रोज पंधरा मायक्रोग्रॅम, असे पाच दिवस. एका ग्रॅमचे दहा लक्ष भाग केले, तर त्यांतील एका भागास मायक्रोग्रॅम म्हणतात. म्हणजे पंधरा किलोग्रॅम वजनाच्या मुलाला दिवसाला मिळणारे औषध खसखशीच्या एका दाण्याइतकेही भरत नाही. ते शिरेतूनच द्यावे लागते. सुईतून थेंबभर बाहेर झिरपले तरी भोवतालचे मांस जळते. म्हणून ते देताना परिचारिकेला नजर ढळू देता येत नाही.

वॅक्समन १९७३ साली निधन पावले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ॲक्टिनोमायसीन-डी, डॅक्टिनोमायसीन या नावाने, आजही आहे. त्याचा गुंतागुंतीचा रेणू रसायनशास्त्रज्ञांना प्रयोगशाळेत जुळविता येतो. पण ते काम इतके खर्चाचे व वेळखाऊ आहे, की औषधासाठी आजही मोठ्या टाक्यांत ते मातीतले जीवच वाढवितात आणि त्यांनी तयार केलेले तांबडे द्रव्य गाळून घेतात.