खुल्या संगणक-कार्यास दुरुस्ती पाठविण्याची रीत

इर्जिक म्हणजे काय, हें देवणीच्या मुलांस सांगावयास नको. ज्या गांवाच्या नांवानें बैलांची जातच ओळखली जाते, तेथील हीं मुलें. एखाद्याचें शेत नांगरावयाचें राहिलें, कीं शेजारी आपापल्या जोड्या घेऊन येतात, दिवसभर राबतात आणि मोबदला म्हणून केवळ जेवून जातात. संगणकाच्या जगांत याच धर्तीवर मोठमोठीं कामें उभीं राहिलीं आहेत. १९९१ सालीं फिनलंडमधील लिनस टोर्व्हाल्ड्स या विद्यार्थ्यानें आरंभिलेलें लिनक्स व २०१० सालीं निघालेलें लिब्रेऑफिस हीं त्यांपैकीं होत. लिनक्सवर आज पगारी माणसेंही पुष्कळ आहेत. परंतु असंख्य लहान कामें एकदोन स्वयंसेवकांच्या फावल्या वेळावरच चालतात. त्यांचें मूळ लेखन सर्वांस खुलें असतें व दोष आढळल्यास कोणींही दुरुस्ती करून पाठवावी. या दुरुस्तीस पॅच, म्हणजे ठिगळ, म्हणतात. शुभवर्तमानांतील विधवेच्या दोन दमड्या ज्यांस ठाऊक आहेत, त्यांस एका अक्षराच्या ठिगळाचें मोल निराळें सांगावें लागणार नाहीं.

तथापि इर्जिकीस आलेल्यानें धन्याचा बांध फोडूं नये. एक उदाहरण घेऊं. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' हे शब्द भिन्न आहेत. पहिले विद्या देतात, दुसरे भोजन. दुसऱ्या शब्दांतील आडवा अर्धा र हिंदीस लागत नाहीं, मराठीचें मात्र त्यावांचून चालत नाहीं. समजा, एखाद्या खुल्या फाँटमध्यें हा र नीट उमटत नाहीं. विद्यार्थी तत्काळ लिहितो, "तुमचा फाँट चुकीचा आहे, त्वरित सुधारा." हें वाचणारा गृहस्थ कदाचित् परदेशांत, दिवसाची नोकरी आटोपून रात्रीं बसलेला असतो, मराठीचें एक अक्षरही त्यास येत नसतें. त्यानें यावरून काय समजावें?

प्रथम दोष कोठें आहे तें पाहावें. युनिकोडच्या नियमाप्रमाणें या अक्षरासाठीं खालीं टिंब असलेला ऱ, मग हलन्त व मग पुढील व्यंजन लिहावयाचें असतें. साधा र घातल्यास रफारच उमटेल, आणि तो दोष फाँटचा नव्हे, आपल्या बोटांचा. मग फाँटची नवी आवृत्ति उतरवून तेथेंही तो दोष राहतो काय, आणि तो पूर्वींच कोणीं कळविला आहे काय, हें पाहावें. बहुतेक प्रकल्पांत दुरुस्ती कशी पाठवावी याचें टिपण असतें. तें न वाचतां लेखणी उचलूं नये. नंतर काय टंकिलें, काय दिसलें, काय दिसावयास हवें होतें व आवृत्ति कोणती, एवढें चित्रासह लिहावें, आणि वरील दोन शब्दांचे अर्थही द्यावे.

एका ठिगळांत एकच दुरुस्ती असावी. र सुधारतां सुधारतां ल व श यांसही मराठी वळण द्यावें, असा मोह होतो. परंतु हिंदी वाचकांस त्यांचें निराळें वळण परिचित आहे. तो बदल आधीं विचारूनच करावा. सोबतच्या टिपणांत बदल कां केला तें सांगावें. काय केला तें लेखनांतच दिसतें. लिनक्समध्यें २००४ पासून प्रत्येक दुरुस्तीखालीं आपलें नांव घालून, ती देण्याचा आपणांस अधिकार आहे, अशी ग्वाही द्यावी लागते. दुसऱ्याच्या फाँटमधून उचललेलें अक्षर तेथें चालावयाचें नाहीं.

२०२० च्या ऑक्टोबरांत हॅक्टोबरफेस्ट नामक उपक्रमांत चार दुरुस्त्या पाठविणारास सदरा मिळत असे. सदऱ्याच्या लोभानें अनेकांनीं कोठें तरी एखादा स्तुतीचा शब्द घुसडून तीच दुरुस्ती म्हणून धाडली, आणि खेदाची गोष्ट ही, कीं त्यांत आपल्या देशांतील विद्यार्थी पुष्कळ होते. शेवटीं, ज्या प्रकल्पांनीं स्वतः होऊन नांव नोंदविलें तेथीलच दुरुस्त्या मोजाव्या, असा नियम चालकांस करावा लागला. यंत्राकडून लिहवून घेतलेली व स्वतः न तपासलेली दुरुस्ती हा त्याच दोषाचा नवा अवतार आम्ही समजतों.

उत्तरास विलंब लागल्यास एकदोन आठवडे थांबून एकच नम्र स्मरणपत्र धाडावें. सुधारणा सुचविल्या गेल्यास त्याच पत्रव्यवहारांत सुधारून द्याव्या, नवें प्रकरण उघडूं नये. नकार आला तरी स्वतःची प्रत काढून तींत तो र सुधारण्याची मुभा परवाना देतोच. मात्र कांहीं फाँटच्या परवान्यांत मूळ नांव राखून ठेवलेलें असतें, तेव्हां त्या प्रतीस आपणांस दुसरें नांव शोधावें लागेल.