प्रासंगिक करार, स्कॅगवे

अलास्काच्या बोटीवरून कुठल्या बंदरात उतरून काय काय पाहायचं, याची यादी बहिणीने सिएटलहून पाठवली, ती एकोणीस कलमी होती. हिमनदी, देवमासे, कुत्र्यांनी ओढायच्या घसरगाड्या, सामन माशांचा ओढा. रविवारी सकाळी मुकुंदनगरात मामांच्या गॅलरीत बसून आम्ही त्या यादीवरून भांडत होतो. मामांनी पोहे संपवले, बशी खाली ठेवली आणि एवढंच विचारलं, "बोट सुटते कधी?"

मामा स्वारगेट बसस्थानकावरून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले. नोकरीतली बरीच वर्षं त्यांच्याकडे प्रासंगिक कराराच्या गाड्या होत्या. लग्नाचं वऱ्हाड, शाळेची सहल, अष्टविनायकाला निघालेली एखादी अख्खी सोसायटी, यांना एसटी जी पूर्ण गाडी देते, तिचं कागदोपत्री नाव प्रासंगिक करार. किलोमीटर ठरलेले, तास ठरलेले. वऱ्हाडाची गाडी कशी लावायची हे मी त्यांच्याकडून लहानपणापासून ऐकत आलोय. मुहूर्त धरायचा आणि तिथून मागे मोजत यायचं. नवरीची खोळंबलेली आत्या, वाटेतला चहा, घाटातली कोंडी, सगळं वजा करून जी वेळ उरेल ती फलाटावर गाडी लावायची. जेवायला काय आहे हा प्रश्न त्या हिशेबात कुठेच येत नाही.

उत्तरेकडच्या बोटींची सहल लावायचीही हीच रीत आहे, हे मला त्या रविवारी कळलं.

आमचा मोठा दिवस होता स्कॅगवेचा. हजारेक वस्तीचं हे गाव एका अरुंद खाडीच्या टोकाशी आहे आणि उन्हाळ्यात बोटी लागल्या की एका दिवसात वस्तीच्या कितीतरी पट माणसं तिथे उतरतात. १८९७-९८ साली क्लोंडाइकच्या सोन्यामागे धावलेली गर्दी याच बंदरातून डोंगर चढून कॅनडात गेली. आमची बोट सकाळी सातला लागणार आणि दुपारी चारला सुटणार होती. मामांनी कालनिर्णयचं जुनं पान उलटं केलं आणि तळापासून लिहायला घेतलं. चार वाजता बोट सुटणार. साडेतीनला सगळे प्रवासी आत हवेत, तसा बोटीचा नियम. त्याआधी अर्धा तास राखीव. धक्क्यावरच्या तपासणीच्या रांगेला वीस मिनिटं. दोन चाळीसला त्यांनी आडवी रेघ मारली आणि म्हणाले, "आता या रेघेच्या वर काय हवं ते लिहा."

वरून खालीही कात्री लागली. सातला बोट लागते म्हणजे आपण सातला उतरतो असं नाही. दोन हजारांवर माणसं, मोजक्या लिफ्ट, मामांचे गुडघे आणि मामींचा चहा धरून पावणेआठ. उरले सात तासांना पाच मिनिटं कमी.

बहिणीचा जीव कॅनडातल्या यूकॉनच्या एमराल्ड लेकमध्ये अडकला होता. हिरव्यानिळ्या पाण्याचा तलाव, फोटो अप्रतिम. स्कॅगवेहून रस्त्याने अंतर विचारलं तर साधारण एकशे पंधरा-वीस किलोमीटर. मामांचा चेहरा एकदम ओळखीचं गाव लागल्यासारखा झाला. "म्हणजे स्वारगेट-महाबळेश्वर! आणि मध्ये देशाचं नाकं. जाताना एकदा, येताना एकदा." मग ते जे बोलले ते मी जसंच्या तसं लिहून ठेवलंय. "महाबळेश्वरच्या सहलीला पसरणी घाटात ट्रक आडवा पडला तर काय होतं? गाडी रात्री दहाला येते. पोरांच्या आया स्टँडवर आपल्या नावाने बोंब मारतात. पण स्टँड जागेवर असतो. इथे स्टँडच उठून जाणार आहे."

बहिणीने जोर धरला, की कॅनडाचा व्हिसा तरी आपण काढतोच आहोत. ते खरं होतं, आणि तो का काढावा लागतो याचीही गंमत आहे. सिएटलहून निघून सिएटललाच परतणारी बोट शेवटच्या संध्याकाळी काही तासांसाठी कॅनडातल्या व्हिक्टोरियाला जाते. कारण अमेरिकेचा १८८६ सालचा एक कायदा. परदेशी निशाणाच्या बोटीने अमेरिकेत प्रवासी चढवून मध्ये कुठल्याही परदेशी बंदराला न लागता ते अमेरिकेतच उतरवायचे नाहीत. या मोठ्या प्रवासी बोटी जवळपास सगळ्या परदेशी निशाणाच्या, म्हणून व्हिक्टोरियाचा तो वळसा. हे समजावून सांगायला मी इंटरनेटवर अर्धा तास घालवला होता. मामांना ते दोन वाक्यांत समजलं. "आंतरराज्य परमिटची भानगड," म्हणाले आणि कागदाकडे वळले. एमराल्ड लेकवर काट मारली गेली. त्या पट्ट्यात आणखी एक फसवी गोष्ट आहे. उन्हाळ्यात यूकॉनचं घड्याळ स्कॅगवेच्या एक तास पुढे असतं, त्यामुळे हद्द ओलांडली की खिशातला फोन आपणहून तास बदलतो. फोनवर विसंबायचं नाही, मामांच्या मनगटावरचं किल्लीचं घड्याळ बोटीच्या वेळेवर लावायचं आणि तेवढंच खरं मानायचं, असं ठरलं.

उरली स्कॅगवेहून व्हाइट पास खिंडीत चढणारी रेल्वे. १८९८ मध्ये काम सुरू होऊन १९०० मध्ये पुरी झालेली, तीन फूट रुंदीच्या रुळांची. सोन्याचा ज्वर तोवर ओसरला होता. रेल्वे मात्र पुढे खाणींच्या मालावर जगली, १९८२ मध्ये बंद पडली आणि १९८८ पासून पर्यटकांसाठी पुन्हा धावू लागली. बत्तीसेक किलोमीटरमध्ये ती समुद्रसपाटीपासून ८७३ मीटर चढते. सर्वात कडक चढ शंभराला ३.९. इथे मामांचा अभिमान जागा झाला. नेरळ-माथेरान १९०७ ची, रूळ दोनच फुटांचे, आणि चढ वीसास एक, म्हणजे शंभराला पाच! "आपली बाई जास्त चढते," असं म्हणून त्यांनी अलास्काला मंजुरी दिली.

पण कुठली गाडी? माझी बायको दुपारच्या बाजूने होती. सकाळी खिंडीत ढग बसतो, दुपारी उघडतं, असं तिने वाचलं होतं. मामा म्हणाले, दुपारची गाडी चुकली तर मागे काही नाही, सकाळची चुकली तर मागे दुपारची आहे. दोन्ही बाजू बरोबर होत्या. असं असताना एसटीतला माणूस कुठल्या बाजूला जाणार हे सांगायला नको. मी स्वतः आजही बायकोच्या बाजूचा आहे, पण तो कागद माझा नव्हता.

तिकीट कुणाकडून घ्यायचं, यावर मात्र वाद झाला नाही. बाहेर स्वस्तात मिळत होतं. पण बोटीकडून घेतलेल्या सहलीला उशीर झाला तर बोट थांबते किंवा पुढच्या बंदरापर्यंत पोचवायची जबाबदारी घेते. बाहेरून घेतलेल्याची नाही. मामांच्या भाषेत एक आगाराची गाडी आणि दुसरं वडाप. चार पैसे जास्त गेले.

शेवटचा मुद्दा मामींचा. "खिडकी कुठल्या अंगाची?" वर जाताना दरी डाव्या हाताला असते, हे शोधून काढलं आणि तेही पानावर चढलं. पुणे-मुंबई घाटातली खिडकी धरायला ज्यांनी आयुष्यभर रुमाल टाकले, त्यांना हे वेगळं शिकवावं लागत नाही.

प्रत्यक्ष दिवस जुलैचा. रेल्वे धक्क्यालगतच उभी होती, म्हणून आमच्या राखीव वेळेतली पंधरा मिनिटं आल्या आल्याच शिल्लक पडली. सव्वाआठला गाडी हलली. डावी खिडकी मिळाली. तासभर आम्ही त्या खिडकीतून पांढरा ढग पाहिला. कुठेतरी पाणी पडत असल्याचा आवाज येत होता, तो धबधबा असावा. ध्वनिक्षेपकावर सांगत होते की याच उतारावर सोन्याच्या त्या धावपळीत तीनेक हजार ओझ्याची जनावरं मेली. कॅनडाचे पोलीस वर्षभराचा शिधा, टनभर ओझं, असल्याशिवाय हद्दीत घेत नसत आणि ते ओझं घोड्यांच्या पाठीवर होतं. बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी मामांकडे पाहिलं नाही.

खिंडीच्या माथ्यावर इंजिन सुटून दुसऱ्या टोकाला लागलं. आम्ही खाली उतरायचं नव्हतं. फक्त बाकांच्या पाठी उलट्या ढकलायच्या आणि डावीकडच्यांनी उजवीकडच्यांशी जागा बदलायच्या, म्हणजे जाताना ज्यांना दरी मिळाली नाही त्यांना येताना मिळते. डब्यात एक क्षण गोंधळ. मामींनी पिशवी छातीशी धरून जागा बदलली आणि तक्रार केली, "आपल्याला मिळाली कुठे?"

मग उतारावर ढग फाटला. आधी समोरच्या डोंगराची कड, मग खाली खोल पांढरं पाणी, पलीकडच्या कड्यावर घोड्यांच्या त्या जुन्या वाटेचा माग. दरी आता आमच्या शेजारच्या कुटुंबाच्या खिडकीत होती. त्यातल्या आजीबाईंनी मामींना हाताला धरून स्वतःच्या जागेवर बसवलं. भाषा एकमेकींची कळत नव्हती. दोघींनी मिळून अर्धा तास खिडकी वापरली. पुढे एका वळणावर खाडी उघडली आणि धक्क्याला लागलेल्या बोटी दिसल्या. मामींनी फोटो काढला. मामांनी घड्याळ पाहिलं.

अकराला आम्ही धक्क्यावर होतो. रेघेला तीन तास चाळीस मिनिटं बाकी होती, आणि त्या वेळेचं काय करायचं हे पानावर नव्हतंच. मामी आणि बायको गावात गेल्या. मामा धक्क्यावरच्या बाकावर बसले. तीन पंचविसाला पिशव्या सावरत धावत येणारे प्रवासी त्यांनी मन लावून पाहिले. एका जोडप्याला तर त्यांनी हात हलवून "चला, चला, चला" असं मराठीत ओरडून आत घातलं.

रात्री जेवणानंतर त्यांनी पान काढलं आणि ठरलेल्या वेळेच्या शेजारी प्रत्यक्ष वेळ भरायला घेतली. सगळं जुळत होतं. "काय दिसलं" असा रकाना नाही, हे मामींनी दाखवून दिलं. मग पुढच्या बंदराचं, केचिकनचं, कोरं पान त्यांनीच ओढून घेतलं. केचिकन पावसासाठी प्रसिद्ध, वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या वर. महाबळेश्वरपेक्षा कमीच, असं मामा म्हणाले, पण ते कुणी ऐकलं नाही. मामींनी पेन घेऊन वरून लिहायला सुरुवात केली, "छत्र्या दोन," आणि थोडा विचार करून खाली, "बाकी उतरल्यावर."

मामांनी पान स्वतःकडे फिरवलं आणि तळाशी बोट सुटण्याची वेळ लिहिली.