मांजराचें मुकें दंतदुःख

अमरकोशांत मांजरास जीं नांवें दिलीं आहेत, त्यांत ‘वृषदंशक’ असें एक नांव आहे. वृष म्हणजे उंदीर. त्यास दंश करणारा तो वृषदंशक. ज्या प्राण्याची ओळखच आपल्या पूर्वजांनीं त्याच्या दांतांवरून ठरविली, त्याच्या दांतांकडे पाहण्याची गरज मात्र फारच थोड्यांस वाटते. घरांत कोणाची दाढ दुखूं लागली तर सारें घर जागें होतें. परंतु त्याच घराच्या कोपऱ्यांत बसलेलें मांजर तेंच दुःख महिनोन् महिने सोसत असेल, अशी शंकाही कोणास येत नाहीं. या उपेक्षेचें कारण निर्दयपणा नव्हे, अज्ञान होय. आणि तें थोडेंसें दूर करावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

मांजरास आपण वाघाची मावशी म्हणतों, आणि दांतांच्या बाबतींत हें नातें अगदीं खरें ठरतें. पूर्ण वाढलेल्या मांजरास ३० दांत असतात, आणि वाघासही तितकेच. पिलास प्रथम २६ दुधाचे दांत येतात. ते तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून पडूं लागतात व सहा-सात महिन्यांचें होईपर्यंत त्यास कायमचे दांत येतात. त्या काळांत एखादा इवलासा दांत जमिनीवर सांपडला, तर भिण्याचें कारण नाहीं. मांजराच्या दाढा आपल्या दाढांप्रमाणें जात्यासारख्या दळीत नाहींत. त्या कात्रीच्या पात्यांप्रमाणें एकमेकींवरून सरकून मांस कापतात. म्हणून मांजर घांस बारीक चावीत बसत नाहीं, तोडून गिळतें. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचा उपयोग होणार आहे.

मुख्य विकार तीन. पहिला हिरड्यांचा. दांतांवर जंतूंचा चिकट थर बसतो, लाळेंतील क्षारांमुळें थोड्याच दिवसांत त्याचें पिवळट किटण बनतें, हिरडीची कड लाल होऊन सुजते, आणि पुढें दांताचा आधारच ढिला पडतो. दुसरा विकार मांजरांत विशेष आढळतो. त्यांत शरीरांतील पेशीच दांताचा कठीण भाग खाऊन टाकतात. गोड खाण्यानें माणसाच्या दांतास लागणारी कीड ती ही नव्हे; आणि हिचें मूळ कारण शास्त्रज्ञांस अद्याप निश्चित सांपडलेलें नाहीं. हिरडीलगत दांतावर लहानसा गुलाबी खळगा दिसतो. पुष्कळदां तोही दिसत नाहीं, आणि क्ष-किरणांच्या चित्रावरूनच रोग कळतो. तिसऱ्या विकारांत तोंडाचा आंतील भाग, विशेषतः घशाजवळचा, लालबुंद होऊन सोलल्यासारखा दिसतो, व जांभई देतांनाही मांजर कळवळतें.

आतां लक्षणें. मांजर डोळे मिटून दूध पितें, असें आपण म्हणतों; येथें मात्र डोळे मिटणारे आपणच असतों. दुःख लपविणें हा या प्राण्याचा स्वभाव आहे. दांत दुखत असतांही तें खात राहतें. म्हणून ‘खात आहे, अर्थात् बरें आहे’ हें अनुमान म्हणजे शुद्ध हेत्वाभास होय. तोंडास दुर्गंधि येणें, लाळ गळणें, एकाच बाजूनें खाणें, घांस तोंडांतून पडणें, पंजानें तोंड घांसणें, अंग चाटणें सोडल्यामुळें केस विस्कटणें, हीं खरीं चिन्हें. आमच्या शेजारच्या घरीं एक मांजर भुकेनें ताटलीकडे धांवत येई आणि पहिल्याच घांसास फिस्कारून पळे. वडील मंडळींनीं दृष्ट काढली. पुढें पशुवैद्यास दाखवितां, आंतून पोखरलेल्या दोन दाढा निघाल्या. त्या काढल्यावर पंधरा दिवसांत तें पूर्ववत् खाऊं लागलें.

एकत्र कुटुंबांत आणखी एक अडचण असते. सकाळीं आजी वाटी ठेवतात, दुपारीं सूनबाई, रात्रीं मुलें. एकीचें अन्न उरलें तर दुसरीस वाटतें कीं, मघाशीं पोट भरलें असेल. सर्वांचें मांजर तें कोणाचेंच नव्हे, असें होतें. यास्तव घरांतील एका व्यक्तीनें ही जबाबदारी घ्यावी, आणि आठवड्यांतून एकदां उजेडांत हलकेंच ओठ उचलून दांत व हिरड्या पाहाव्या.

दोष दिसल्यास घरगुती उपचार मात्र करूं नये, हें आम्ही आग्रहानें सांगतों. आपल्या दाढेस गुण देणारें लवंगेचें तेल मांजरास विषासमान आहे. पॅरासिटामॉलची एक गोळीही त्याचा प्राण घेऊं शकते; कारण हीं द्रव्यें निर्विष करण्याची आपल्या यकृताची शक्ति मांजराच्या यकृतांत फार थोडी असते. आपली टूथपेस्टही वर्ज्य. मांजरास चूळ भरतां येत नाहीं, तें सारें गिळतें. मांजरांसाठीं निराळी पेस्ट मिळते; पिलूपणापासून संवय लावल्यास मऊ ब्रशानें रोज दांत घांसतां येतात, आणि पहिल्या विकारास तोच उत्तम प्रतिबंध होय.

खरा उपचार पशुवैद्याकडेच. पूर्ण भूल देऊन क्ष-किरणानें तपासणें, किटण काढणें, आणि न वांचणारा दांत काढणें, असा त्याचा क्रम आहे. भूल न देतां नुसतें वरवर खरडल्यानें दांत पांढरे दिसतात, पण हिरडीखालचा रोग तसाच राहतो. वृद्ध मांजरास भूल सोसेल काय, या शंकेचें उत्तर आधीं रक्त तपासून मिळवितां येतें. तिसऱ्या विकारांत तर बहुतेक सर्व दांत काढावे लागतात, आणि त्यानेंच पुष्कळ मांजरांस आराम पडतो. येथें बायकामुलांचा जीव कळवळतो: बिचारें जेवणार कसें? परंतु वर सांगितलेंच आहे कीं, मांजर चावून खाणारें नव्हे, गिळणारें आहे. मऊ अन्न दिल्यास बोळकें मांजरही सुखानें जेवतें. उलट, दुखऱ्या दांतापायीं त्यानें दोन-तीन दिवस अन्न टाकलें, तर यकृतांत चरबी सांचून जिवावर बेतते. लठ्ठ मांजरास हा धोका विशेष. म्हणून एक दिवस पूर्ण उपाशी राहिलें, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहूं नये.

मुंबईस परळ येथें १८८६ सालीं पशुवैद्यकीय महाविद्यालय स्थापन झालें. आज लहानमोठ्या शहरांतूनही पशुवैद्य भेटतात. विद्या उपलब्ध आहे, उणीव आहे ती पाहणाऱ्या डोळ्यांची. येत्या रविवारीं, मांजर उन्हांत स्वस्थ पडलें असतां, वाचकांनीं त्याच्या तोंडांत एकदां डोकावावें, इतकीच विनंति.