गच्चीतला टब

सकाळी ६.००

मृग लागायला तीन आठवडे राहिलेत. पर्जन्यछायेतल्या आम्हा नगरकरांना स्लॅबची आठवण होते ती वळवाच्या पहिल्या सरीला. मग सगळ्यांना वॉटरप्रूफिंगवाला एकाच आठवड्यात हवा असतो. केडगावहून निघून सावेडीतल्या बंगल्याच्या गच्चीवर पोचलो, तर काकू आधीच वर उभ्या.

"पाणी सहा सूत उतरलंय. कुठंतरी मुरतंय बघा."

परवा काम संपवून गच्चीत चार इंच पाणी साचवलं होतं आणि कठड्यावर पेन्सिलीनं रेघ मारली होती. त्याच पाण्यात एक प्लास्टिकचा टबही ठेवला होता, हलू नये म्हणून आत वीट घालून. टबातल्या पाण्यालाही तशीच रेघ. पट्टी लावून काकूंना दाखवलं: टबातलंही सहा सूत खाली. "टबाला तर भोक नाही ना, काकू? मे महिना आहे, उन्हानं नेलं ते." आतून छत कोरडं होतं. काकू हसल्या, चहा आला. मी टबाचा फोटो काढला. आज रात्री तो माझ्या वेबसाइटवर चढवायचा.

८.३०

भिंगारमधलं दुसरं काम. जुनी गच्ची, तिच्यावर ब्रिकबॅट कोबा. विटांचे तुकडे मसाल्यात बसवत ढाळ पावसाळी पाइपाच्या तोंडाकडं न्यायचा. दोरी ताणून पाहिली, एका कोपऱ्यात उलटा ढाळ निघाला. तेवढा उचलून पुन्हा करायला लावला. स्लॅब आणि कठडा मिळतात त्या कोपऱ्यात गोलाई द्यायची, तिला आम्ही वाटा म्हणतो. वाटा कच्चा राहिला की वरचं सगळं काम पाण्यात.

उद्यापर्यंत हे सगळं झाकलं जाईल. वर गुळगुळीत सिमेंट आणि दोरीनं पाडलेले चौकोन तेवढे दिसतील. चांगलं काम आणि वाईट काम पहिल्या पावसापर्यंत सारखंच दिसतं. आमच्या धंद्याची खरी अडचण ही, आणि वेबसाइट काढावीशी वाटली तीही यामुळंच. झाकण्याआधीचे फोटो घरमालकाला विचारून काढतो. पाटी, गाडीचा नंबर, घरातलं माणूस त्यात येऊ देत नाही.

११.३०

अकोले तालुक्यातून फोन. बाथरूमचा छोटा जॉब. आमचा जिल्हा राज्यात सगळ्यात मोठा, चौदा तालुके. घाटघरकडं कोसळणारा पाऊस निराळा आणि पाथर्डीतला निराळा. शंभराच्या वर किलोमीटर जाऊन मजुरीतले पैसे डिझेलला घालायचे का? नाही म्हणालो, पण वाईट वाटलं. साइटवर आधी मोठ्या तोऱ्यात 'संपूर्ण जिल्ह्यात सेवा' असं लिहिलं होतं. आता नगर, पारनेर, राहुरी, नेवासे आणि श्रीगोंदा एवढीच नावं ठेवणार.

१.३०

डबा खाताना मोबाइलवर साइटचा हिशेब. आधीची साइट फुकटातली होती. व्हिजिटिंग कार्डावर, टेम्पोच्या मागं तिचाच पत्ता रंगवलेला. २०२४ मध्ये ती सोय देणाऱ्यांनीच गुंडाळली. पत्ता टेम्पोवर राहिला, साइट गेली. त्यानंतर डोमेन विकत घेतलं, स्वतःच्या नावानं, स्वतःच्या ईमेलवर. सातबारा आपल्या नावावर हवा, त्यावर झोपडी बांधा नाहीतर माडी.

देवनागरीत .भारत डोमेन २०१४ पासून मिळतं. मोह झाला होता, पण आमचं गिऱ्हाईक मोबाइलवर इंग्रजी अक्षरांतच टाइप करतं, म्हणून .इन घेतलं. गावाच्या नावाचा घोळ वेगळाच. २०२४ मध्ये कागदोपत्री अहिल्यानगर झालं. अहिल्यादेवींचं चौंडी आमच्याच जामखेड तालुक्यातलं. पण पुण्यात राहणारा मुलगा आईबापांच्या घरासाठी शोधताना अजून अहमदनगर टाकतो, आणि एसटीत बसणारा नुसतं 'नगर' म्हणतो. एका सरळ वाक्यात तिन्ही नावं घातली.

४.००

सुप्याला कारखान्याजवळचं एक शेड पाहायला. मालक म्हणाले, "तुमच्या साइटवरचा नंबर दाबला तर लागतच नाही. शेवटी हातानं टाकला." जागेवरच पाहिलं. नंबर मी हौसेनं मराठी अंकांत लिहिला होता आणि फोनला तो नंबर वाटतच नव्हता. आता दिसायला मराठी अंक, पण आतल्या लिंकमध्ये इंग्रजी. किती जणांनी दाबून सोडून दिलं असेल, देव जाणे.

शेडच्या मधोमध ठिबकत होतं. पत्र्यावर चढलो, तर वरच्या बाजूचा एक बोल्ट सैल. पाणी तिथून शिरून पन्हाळीनं खाली येत होतं. गळती दिसते तिथं नसते. म्हणूनच साइटवर लिहिलंय, फोन करण्याआधी तीन फोटो पाठवा: ओल आतून, तीच जागा वरून, आणि पाइपाचं तोंड. निम्मे हेलपाटे वाचतात.

रात्री ९.३०

पोरगी डिप्लोमाचा अभ्यास करतेय, मी शेजारी लॅपटॉपवर. "पप्पा, पाच एमबीचा फोटो नका टाकू, गावात उघडायचा नाही." टबाचा फोटो दोनशे केबीवर आणला, जुना अंधुक काढून नवा लावला. पानाचं नाव पूर्वी 'आधुनिक जलरोधक उपाययोजना' होतं. एकही फोन आला नव्हता. आता 'स्लॅब गळतोय?' आहे. लोक असंच बोलतात, तर शोधतीलही असंच.

'आमच्याविषयी' हे पान मात्र अजून रिकामं. कोबा घालणं सोपं, स्वतःविषयी चार ओळी लिहिणं अवघड.

१०.१५

श्रीगोंद्याहून अनोळखी फोन. "साइटवर वाचून गच्चीत टब ठेवला. दोन्हीकडचं पाणी सारखंच उतरलं. म्हणजे गळत नाही ना?"

"छत आतून कोरडं आहे ना? मग नाही."

"बरं झालं. उद्या मिस्त्रीशी भांडायला निघालो होतो. मग तुम्ही यायची काही गरज नाही."

पोरीनं मान वर केली. "काम गेलं का?"

"गेलं." नंबर 'टबवाले, श्रीगोंदा' म्हणून सेव्ह केला आणि लॅपटॉप मिटला.