दोन तास एकोणपन्नास मिनिटांची शिल्लक

२०१७ च्या जून महिन्यात नागपूरचे डॉ. अमित समर्थ सायकलवरून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील अ‍ॅनापोलिस या गावी पोहोचले, तेव्हा पश्चिम किनारा सोडून त्यांना ११ दिवस, २१ तास आणि ११ मिनिटे झाली होती. ‘रेस अक्रॉस अमेरिका’ या स्पर्धेत एकट्याने उतरणाऱ्या त्यांच्या गटातील स्पर्धकाला बारा दिवसांची मुदत असते. म्हणजे हाती उरले दोन तास एकोणपन्नास मिनिटे. सुमारे ४,९०० किलोमीटरच्या व्यवहारात एवढीच शिल्लक किती तुटपुंजी, हे व्यापारी घरात निराळे समजावून सांगावे लागत नाही. त्यांच्या आधी काही तास लष्करातील डॉक्टर लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुलनाथ यांनी ११ दिवस, १८ तास, ४५ मिनिटांत स्पर्धा पूर्ण केली होती. गोकुलनाथ सातवे आले, समर्थ आठवे. ही स्पर्धा एकट्याने पूर्ण करणारे हे पहिले दोन भारतीय होत.

दोघेही पेशाने डॉक्टर. सायकल हे त्यांच्या उपजीविकेचे साधन नव्हे. या स्पर्धेत येणारे बहुतेक जण असेच असतात : कोणी डॉक्टर, कोणी वकील, कोणी अभियंता. विजेत्यालाही येथे मोठे रोख पारितोषिक नाही. उलट विमानभाडे, भाड्याच्या गाड्या, मदतनिसांचे जेवणखाण असा लाखांतला खर्च पदरचा अथवा देणगीचा. फ्रान्समधील प्रसिद्ध ‘टूर द फ्रान्स’ ही व्यावसायिकांची स्पर्धा. ती तीन आठवडे चालते आणि रोजचा टप्पा संपला की स्वार हॉटेलात जाऊन झोपतो. अमेरिकेतील या स्पर्धेत टप्पे नाहीत. घड्याळ एकदा सुरू झाले की ते झोपेत, जेवणात, आजारपणात, कशातही थांबत नाही.

१९८२ साली चार सायकलस्वारांनी ही शर्यत प्रथम केली. त्यांतील लॉन हॅल्डेमन दहा दिवसांच्या आत पोहोचून विजयी झाले. पुढे ऑस्ट्रियाच्या क्रिस्टोफ स्ट्रासर यांनी २०१४ मध्ये ७ दिवस, १५ तास, ५६ मिनिटे असा विक्रम केला. हौशी माणसाला त्या आकड्याशी कर्तव्य नसते. त्याची स्पर्धा मुदतीशी असते.

त्या मुदतीचा हिशेब मांडून पाहावा. बारा दिवस म्हणजे २८८ तास. ४,९०० किलोमीटरला भागले तर तासाला १७ किलोमीटर पडतात. हा वेग सोपा वाटतो. पण त्यात झोप, आंघोळ, कपडे बदलणे, पंक्चर, सारे आले. दिवसाकाठी ४०८ किलोमीटर, म्हणजे मुंबईहून निघून रोज कोल्हापूरच्याही पुढे जाणे आणि हे बारा दिवस सलग करणे. वाटेतील एकूण चढ १ लाख ७० हजार फुटांच्या घरात आहे. कळसूबाईच्या उंचीच्या तीसपटीहून अधिक. दिवसाला चार तास विसाव्यात गेले तर उरलेल्या वीस तासांत सरासरी वीस किलोमीटरहून अधिक वेग ठेवावा लागतो, आणि तोही घाटांसकट. झोपेचा एक तास सतरा किलोमीटरला पडतो. तो वाचवला तर लगेच फायदा दिसतो. मात्र दोन दिवसांनी त्याची वसुली व्याजासह होते.

स्पर्धा कॅलिफोर्नियातील ओशनसाइड या समुद्रकाठच्या गावी सुरू होते. किनाऱ्यावर हवा सुखद असते. काही तासांत डोंगर ओलांडला की रस्ता एकदम खाली बोरेगोच्या वाळवंटात उतरतो आणि तेथे जूनच्या उन्हात पारा चाळीस अंशांच्या वर असतो. नवखा स्वार पहिल्या दिवसाच्या उत्साहात वेगाने जातो, पाणी कमी पितो, आणि अ‍ॅरिझोनात शिरण्यापूर्वीच त्याचे पोट बिघडते. पोट बिघडले की खाणे बंद, आणि खाणे बंद झाले की पाय बंद. रोज आठ ते दहा हजार उष्मांक पोटात जावे लागतात. चावून खाण्याचा कंटाळा येतो म्हणून बरेचसे अन्न पातळ करून बाटलीतून दिले जाते.

अ‍ॅरिझोनात काँग्रेस नावाच्या गावापासून यार्नेलचा घाट लागतो, मग प्रेस्कॉट, मग फ्लॅगस्टाफ. पुढे युटातील तांबड्या खडकांचा प्रदेश आणि मग कोलोरॅडो. तेथील वुल्फ क्रीक खिंड १०,८०० फुटांहून उंच, हा साऱ्या मार्गाचा माथा. दिवसा वाळवंटात भाजलेला माणूस या खिंडीत रात्री पोहोचला तर थंडीने कुडकुडतो. विरळ हवेत धाप लागते, कोणाच्या छातीत घरघर सुरू होते. तरीही हा घाट माणसाला फारसा हरवत नाही. चढ लांब असला तरी संथ आहे आणि तोवर अंगात बळ शिल्लक असते. अलीकडे डुरँगो येथे आणि पुढे मिसिसिपी नदीवरही मुदती ठरलेल्या आहेत. तेथे उशीर झाला तर स्पर्धा संपते. घाटात हळू जाणाऱ्याला भीती असते ती या मुदतींची.

त्यानंतरचे कान्सास हे सपाट राज्य. नकाशावर पाहणाऱ्याला वाटते, येथे विश्रांती मिळेल. प्रत्यक्षात शेकडो किलोमीटर सरळ रस्ता, आडवा वारा, दोन्ही बाजूंना शेते आणि पाहण्यासारखे काहीच नाही. झोपेविना पाच-सहा दिवस काढलेले मन येथे खेळ करू लागते. रस्त्यावरच्या भेगा वळवळताना दिसतात, झाडे माणसांसारखी भासतात, आपण येथे कशासाठी आलो हेच काही काळ आठवत नाही. शरीरही मग आपले देणे मागू लागते. बैठकीच्या जागी जखमा होतात, तळपाय सुजतात, हाताची बोटे बधिर होतात. काहींच्या मानेचे स्नायू पूर्ण थकतात आणि डोके उभे राहत नाही. हनुवटी छातीवर टेकते, समोरचा रस्ता दिसत नाही. १९८३ च्या स्पर्धेत मायकल शर्मर यांना हे झाले, म्हणून सायकलस्वारांत या दुखण्याला त्यांचेच नाव पडले आहे. अशा वेळी मदतनीस पट्टे, फळ्या, मिळेल त्या वस्तूंचा आधार करून मान उभी ठेवतात.

मिसिसिपी ओलांडून इलिनॉय, इंडियाना, ओहायो ही राज्ये पार केली की वेस्ट व्हर्जिनियात अ‍ॅपलेशियन डोंगर येतात. उंचीच्या मानाने ते रॉकी पर्वतापुढे ठेंगणे. परंतु चढ आखूड आणि उभे, एक संपला की दुसरा. दहाव्या दिवशीच्या पायांना ते कोलोरॅडोहून कठीण जातात. ज्यांनी आधीच्या दिवसांत तास दोन तास राखून ठेवलेले असतात, त्यांना येथे थोडी झोप परवडते. ज्यांची राखीव गंगाजळी वाटेतच संपली, त्यांना तसेच चढावे लागते.

हा सारा हिशेब सायकलवर बसलेला माणूस ठेवत नाही, ठेवूही शकत नाही. तो मागच्या गाडीत ठेवला जातो. प्रत्येक स्पर्धकाबरोबर मदतनिसांचे पथक असते. त्यांत चालक, वाटाड्या, यंत्रदुरुस्ती जाणणारा, अन्नपाणी पाहणारा आणि या सर्वांचा एक प्रमुख. मार्गावर पन्नासहून अधिक नोंदीची ठिकाणे आहेत आणि तेथील वेळ पथकाने कळवावयाची असते. अंधार पडल्यापासून उजाडेपर्यंत गाडी सायकलच्या लगेच मागे, दिव्यांच्या प्रकाशात तिला धरून चालते. नियम मोडला तर दंड वेळेतच वसूल होतो. केव्हा झोपवायचे, किती मिनिटांनी उठवायचे, रडवेला झालेला माणूस खरोखर आजारी आहे की केवळ थकला आहे, हे निर्णय पथकप्रमुखाचे. गाडीतील माणसांनाही झोप मिळत नाही आणि त्यांच्या नावापुढे पदक लागत नाही.

जोखीम खोटी नव्हे. २००५ साली बॉब ब्रीडलव्ह हे अमेरिकेतील अस्थिशल्यचिकित्सक, या मार्गाचे अनुभवी हौशी स्वार, स्पर्धेदरम्यान कोलोरॅडोत वाहनाशी टक्कर होऊन मरण पावले. घरची माणसे या छंदाला विरोध करतात तेव्हा ती निव्वळ भित्री असतात, असे म्हणणे अन्यायाचे होईल.

महाराष्ट्राचा या स्पर्धेशी संबंध गेल्या दशकातील. २०१५ मध्ये नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी दोघांच्या गटात ती ८ दिवस, १४ तास, ५५ मिनिटांत पुरी केली. ही स्पर्धा पूर्ण करणारे ते पहिले भारतीय. एक सायकलवर, दुसरा गाडीत, अशी पाळी त्यांनी लावली होती. पुण्याहून गोव्यापर्यंत सुमारे ६४० किलोमीटरची ‘डेक्कन क्लिफहँगर’ ही घाटरस्त्यांची स्पर्धा पूर्ण करून अमेरिकेच्या स्पर्धेसाठी पात्र ठरता येते. त्यामुळे इकडचे स्वार आपल्या घाटांतच तयारी करतात. अपयशही अनेकांच्या वाट्याला आले. गोकुलनाथ यांनाही २०१६ चा पहिला प्रयत्न अर्ध्यावर सोडावा लागला होता. दुसऱ्या वर्षी ते पुन्हा ओशनसाइडला उभे राहिले.

नवी मुंबईचे कबीर राचुरे व्यवसायाने वकील. २०१९ मध्ये त्यांनी एकट्याने स्पर्धा पूर्ण केली ती ११ दिवस, २२ तास, ४३ मिनिटांत. शिल्लक सव्वा तासाची. मागच्या गाडीत पथकप्रमुख होती त्यांची बहीण सपना. दहा-अकरा दिवस झोप न झालेल्या भावाला वीस मिनिटांनी उठवायचे, तो ‘आणखी थोडे’ म्हणत असताना पुन्हा सायकलवर बसवायचे, हे काम परक्याला कदाचित सोपे जाते, बहिणीला नाही. २०२२ मध्ये राचुरे पुन्हा त्याच मार्गावर गेले. त्या खेपेस ते अ‍ॅनापोलिसला पोहोचले तेव्हा हाती सुमारे बारा तास शिल्लक होते.