बिनतारी गाडींतील तारा

मुलाच्या हातांतील यंत्रावरून बिनतारी लहरींनीं धांवणाऱ्या खेळण्यांतल्या गाडीस बिनतारी म्हणतात खरें. परंतु तिचें झांकण काढून पाहावें, तों आंत तारांचेंच जाळें! यांतील एखादी तार तुटली, म्हणजे घरांत सांपडेल ती तार जोडून मोकळें होण्याचा मोह अनेकांस पडतो. तो पुढें महागांत पडण्याचा संभव असतो.

तार ही विजेची वाट होय. वाट जितकी अरुंद, तितका रोध अधिक. शिवाय, जेम्स जूल या इंग्रज शास्त्रज्ञानें १८४१ सालीं दाखविल्याप्रमाणें, तारेंतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. प्रवाह दुप्पट झाला, कीं उष्णता चौपट होते.

तारेची जाडी अमेरिकन गेजाच्या अंकांनीं सांगतात. आणि येथेंच नवख्याची फसगत होते. कारण अंक जों जों मोठा, तों तों तार बारीक. १६ अंकाच्या तांब्याच्या तारेचा छेद सुमारें १.३ चौरस मिलिमीटर, तर १२ अंकाच्या तारेचा सुमारें ३.३ असतो.

आतां हिशेब पाहूं. समजा, बॅटरी ७.४ व्होल्टांची असून जोर घेतांना गाडी ६० अँपिअर प्रवाह ओढते. जाण्यायेण्याची तार मिळून ३० सेंटिमीटर आहे. १६ अंकाची तार घातल्यास तींत सुमारें १४ वॅट उष्णता होते, व जवळजवळ पाव व्होल्ट दाब वाटेंतच खर्ची पडतो. १२ अंकाची घातल्यास उष्णता साडेपांच वॅटांच्या आसपास येते.

मग सर्वत्र जाडच तार कां नको? चाकें वळविणाऱ्या साध्या सर्व्होस एक-दोन अँपिअर पुरतात. त्यास २२ अंकाची बारीक तार बस्स आहे. जाड तारेनें वजन वाढतें, व तिच्या ताठरपणानें लहान सांधे उखडतात. म्हणून बॅटरीपासून गतिनियंत्रकापर्यंत व तेथून मोटरीपर्यंत जाड, इतरत्र बारीक, असा नियम ठेवावा. जाड तार अनेक बारीक धाग्यांची व सिलिकोनच्या आवरणाची असावी. तें आवरण सुमारें २०० अंश सेल्सिअस उष्णता सोसतें; साधें प्लॅस्टिक त्यापूर्वींच मऊ पडतें.

आवरण वितळून दोन तारा एकमेकींस भिडल्या, तर लिथियम बॅटरी पेट घेऊं शकते. आणि ही गाडी तर घरांत, मुलांच्या पायांशीं धांवत असते. यास्तव तार बदलल्यावर वडील माणसानें गाडी पांच मिनिटें चालवावी, बॅटरी सोडवावी व तार जपून चांचपावी. कोमट लागली तर चिंता नाहीं; चटका बसला, तर अधिक जाड तार घालावी व मगच गाडी मुलाच्या हातीं द्यावी.